आप्पा गेले, निंबही गेले, आता परत रोपं लावायला जाऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

वय अडतीस, गाव तापीच्या पट्ट्यात, नोकरी जळगावला, रोजचं अपडाऊन. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वडील गेले, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. त्याच वर्षी रस्ता रुंद करताना शेताच्या कडेला आप्पांनी वाढवलेले निंब तोडले गेले. मागच्या जूनमध्ये मित्रांच्या ग्रुपसोबत गावामागच्या बरडीवर, म्हणजे उजाड टेकाडावर, दोनशे रोपं लावली, मे महिन्यापर्यंत दहा-बारा उरली. ग्रुपच्या पेजवर वृक्षारोपणाचे फोटो मात्र अजून तसेच आहेत. रात्री झोप नाही, दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर उष्णतेच्या, आटलेल्या धरणांच्या, जंगलतोडीच्या बातम्या बघत पडतो. बायको म्हणते, आधी स्वतःकडे बघा मग डोंगराकडे बघा. आता परत ग्रुपचा फोन आलाय, पाऊस पडला की चला. "ताई, मला आतून आशाच वाटत नाही. आशा नसताना लोकांना झाडं लावा सांगायचं म्हणजे ढोंग झालं. आधी मी बरा होऊ, की कामाला लागू, की हे सगळं सोडूनच देऊ?"

भाऊ,

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे, इथे चार ओळीत बसवलंय. पूर्ण वाचताना एक गोष्ट खटकली ती आधी सांगते. रोपांबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, कोणती होती, कोणी दिली, शेळ्या कोणत्या बाजूने आल्या, सगळं. आणि आप्पांबद्दल दीड ओळ, की आप्पा गेले, गंधमुक्ती (सुतक संपल्याचा विधी) झाली आणि दोन दिवसांनी ड्युटी जॉईन केली. मग पुढे मध्येच कुठेतरी असं येतं की निंब तोडले त्या दिवशी स्टँडवर उभ्या उभ्या रडलो, बाप गेला तेव्हा रडलो नव्हतो, मी असा कसा.

अहो, घरातल्या मोठ्या मुलाला बाप गेल्यावर रडायला फुरसत देतं कोण? दारावर बसायला येणाऱ्यांची रीघ, त्यांचा चहा, सतरंज्या, कोणत्या पाहुण्याला फोन करायचा राहिला, पेपरात बातमी दिली का, आचारी सांगितला का, मग सातबाऱ्यावर वारस लावायला तलाठ्याकडे चकरा, बँकेतलं खातं, आईचं बीपी. या सगळ्यात दुःखाचा नंबरच लागत नाही, ते मागे थांबून राहतं आणि कधीतरी ओंडक्यांनी भरलेली ट्रॉली समोरून गेली की बाहेर पडतं. त्या निंबांना आप्पांनी बादलीने पाणी घातलं, त्यांच्याखाली खाट टाकून ते दुपारी पडायचे हे तुम्हीच लिहिलंय. मग तुम्ही झाडांसाठी रडलात की बापासाठी, हे वेगळं करून काय मिळणार? दोन्हीसाठी रडलात. मला तर त्यात काही चुकीचं दिसत नाही, उलट तुमच्या पत्रातली सगळ्यात निरोगी गोष्ट तीच वाटली.

आता तुमचा प्रश्न. आधी बरा होऊ की कामाला लागू. यात तुम्ही असं धरून चाललाय की बरं होण्याची एक तारीख असते, ती येऊन गेली की माणूस मोकळा, मग त्याने डोंगर, नदी, काय ते बघावं. बाप गेल्याचं असं नसतं हो. वर्षं जातात, बोच कमी होते, मग एखाद्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना, त्यावर डांगर ठेवताना हात थांबतो. ती तारीख येईल म्हणून वाट बघत बसलात तर बसूनच राहाल.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती तुम्हाला आवडणार नाही. कामात स्वतःला बुडवून घेणं हेही एक पळणंच असतं. मीटिंगा, खड्ड्यांची मोजणी, रोपांचा टेम्पो, रविवारी पहाटे पाचला घराबाहेर, यात माणूस इतका बिझी होतो की घरात आप्पांची रिकामी खाट बघायची वेळच येत नाही. तुमच्या मिसेस म्हणतात आधी स्वतःकडे बघा, तुम्ही ते "पर्यावरणाचं खूळ सोडा" असं ऐकलंय, पत्रातल्या सुरावरून तरी तसंच वाटतं. मला ते वाक्य वेगळं ऐकू येतं. ती म्हणतेय तुम्ही घरात असता पण नसता. डोंगरावर जाऊ नका असं ती कुठे म्हणाली? एकदा विचारून तर बघा तिला, नेमकं काय म्हणायचं होतं. आणि विचारताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता रोपांचं बोलू, कारण तिथे तुम्ही स्वतःवर उगाच केस टाकून ठेवली आहे. दोनशेतली दहा-बारा जगली म्हणून तुम्ही म्हणता सगळं व्यर्थ. पण ती का मेली ते तुमच्याच पत्रात पडलंय: मुरमाड बरडी, वीतभर खड्डा, नर्सरीने फुकट दिली म्हणून आणलेली गुलमोहर आणि सप्तपर्णी, दिवाळीनंतर तिकडे कोणी फिरकलं नाही, आणि मग आपला मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो हे काय नवीन आहे का, त्यात सप्तपर्णी उघड्या मुरमावर कशी तगेल, तिला ओलावा लागतो. गुलमोहर तर मूळचा मादागास्करचा, शोभेला ठीक, डोंगर त्याने उभा राहत नाही. आपल्या कोरड्या डोंगरांवर आपोआप काय येतं ते बघा की, अंजन, पळस, हिवर, बोर, बाभूळ, खैर. ही कोणी टेम्पोत घालून आणत नाही.

आणि जी दहा-बारा जगली त्यांच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय, बहुतेक सहज लिहिली असेल, की "उरलेली सगळी बोरीच्या झुडपाच्या आडोशाला होती." भाऊ, तुमच्या दोन पानातली सगळ्यात कामाची ओळ ती आहे! काटेरी झुडपामुळे शेळीचं तोंड आत जात नाही, दुपारच्या उन्हात सावली मिळते, खाली पालापाचोळा साठून ओल जरा जास्त दिवस टिकते. निंबाचंही बघा, पाखरं निंबोळ्या खातात, झुडपावर येऊन बसतात, बी खाली पडतं आणि काट्यातून एक दिवस निंब वर येतो, कोणी लावला विचारलं तर कोणाला माहीत नसतं. आपण मात्र वृक्षारोपण म्हटलं की पहिलं काम काय करतो, जेसीबी लावून नाहीतर कोयत्याने ती झुडपं साफ करतो, कारण फोटोत कचरा दिसतो. असो.

म्हणजे तुम्ही हरलात वगैरे काही नाही, तुम्हाला माहिती मिळाली. ती वापरायची की फेकायची एवढाच प्रश्न आहे.

लांब कशाला जायचं, धुळे तालुक्यात लामकानी आहे. तिथे गावाने ठरवून डोंगरावर चराई आणि कुऱ्हाड बंद ठेवली, आणि आधी गवत परत आलं. नुसतं गवत, फोटोत काही खास दिसत नाही, पण गवत आलं की माती धरली जाते, पाणी मुरायला लागतं, मग बाकीचं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं तर तुम्ही ऐकलंच असेल, चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. शेकडो हेक्टर जंगल त्या पाड्याने राखलं, लोकांनी स्वतःच नियम केले, नियम मोडला तर दंड, आणि हे १९९० च्या दशकापासून चालू आहे. आता तिथे दरवर्षी रानभाज्यांची पाककला स्पर्धा होते, बाया जंगलातली भाजी आणून करतात, लोक लांबून खायला येतात. दोन्हीकडे मोठं काम राखण्याचं होतं. खड्डा खणायला एक रविवार पुरतो, राखायला गाव लागतं, ग्रामसभा लागते, भांडण लागतं, आणि माझी शेळी सोड तुझी बांध असं होणार नाही याची हमी लागते.

आशेचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, पण इथेच येतं ते. तुम्ही म्हणता आशा वाटत नाही म्हणून काम करणं ढोंग. हे कोणी ठरवलं की आधी आतून आशा वाटायला पाहिजे आणि मगच हात हलवायचा? धुळ्याकडे पांझरा नदीच्या काठी फड बागायत होती, काही ठिकाणी अजून आहे, काही शतकांची जुनी पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कमी असलं तर किती फड भिजवायचे ते मिळून ठरवायचं, पाणी सोडायला पाटकरी, त्याचा मेहनताना शेतकऱ्यांनीच द्यायचा. पाटातला गाळ काढायला शेतकरी स्वतः उतरायचे. आता मला सांगा, गाळ काढणाऱ्या माणसाला कोणी विचारत असेल का, की का रे भो, तुला यंदा पावसाची आशा वाटते का? त्याला नसेलही वाटत, तोंड पाडूनच घमेलं उचलत असेल. पण गाळ काढायची पाळी आली, तो गेला, आणि पाऊस आला तेव्हा पाट तयार होता. मला आशा म्हणजे एवढंच कळतं. उद्या चांगलं होईल असं छातीत वाटणं कधी असतं कधी नसतं, झोप झाली नसेल तर नसतंच. पाळी पाळणं मात्र आपल्या हातात असतं.

ढोंग त्या फोटोत आहे, जूनमधला फोटो टाकायचा आणि मे मधला लपवायचा यात. तुम्ही "मला नाही वाटत हे सोपं आहे, पण मी ही वीस झाडं बघतो" असं लोकांना सांगितलं तर त्यात ढोंग कसलं?

तेव्हा ग्रुपला काय सांगायचं. सोडून द्यायचा पर्याय आहे, तो वाईट नाही, एक पावसाळा तुम्ही नाही गेलात तर सातपुडा कुठे पळून जात नाही. पण तुमच्या पत्रातून मला वाटतं की सोडलं तर सुटका होण्याऐवजी ते आणखी खात राहील. मागच्यासारखंच जायचं हा दुसरा, त्याला माझा साफ नकार, पुढच्या मे मध्ये तुम्ही मला हेच पत्र परत लिहाल. तिसरा असा, की जा, पण अट घालून. शांतपणे सांगा की मी येतो, पण रोपं दोनशे नको, जुनी-नवी मिळून वीस घेऊ, आणि उन्हाळ्यात पाणी कोण कोणत्या रविवारी नेणार ती यादी खड्डे खणायच्या आधी करू. हिशोब करून दाखवा त्यांना. एका रोपाला आठवड्याला पाच लिटर धरलं तर दोनशे रोपांना हजार लिटर, म्हणजे दर आठवड्याला बरडीवर टँकर चढवायचा, ते होणार नाही हे सगळ्यांना माहितीये. वीस रोपांना शंभर लिटर, वीसचे पाच कॅन, मोटारसायकलवर दोन-तीन फेऱ्या. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत एवढं जमतं. बुंध्याशी केळीचं वाळलेलं पान नाहीतर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, चुरा टाकला की ओल टिकते, आपल्या पट्ट्यात या दोन गोष्टींची काय कमी. भोवती बोरीच्या काट्या. आणि जी दहा-बारा जगली ती आधी या यादीत, मग नवीन. ग्रुप ऐकला नाही तर भांडू नका, तुमच्या वाट्याची तेवढी घ्या आणि बाजूला व्हा. बरडी गायरान असेल तर चराईचा विषय ग्रामसभेत काढा, पण ज्यांच्या शेळ्या आहेत त्यांच्या घरी जाऊन आधी चहा प्या, चारा कुठून आणायचा याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल तर ठराव कागदावरच राहतो, आणि बहुतेकदा शेळीवाली बाई गावात सगळ्यात गरीब असते.

तुमच्या वीस झाडांनी भुसावळचा पारा अर्धा डिग्रीही उतरणार नाही हेही सांगून टाकते, म्हणजे पुढे परत निराशा नको. केळीच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते तुम्ही बघताय, तो प्रश्न रोपांनी सुटणारा नाही, तो पाणी उपसण्याचा आणि धोरणाचा प्रश्न आहे, तिथे मत मांडा, जमेल तेव्हा मांडा. पण रात्री दोन वाजता पलंगावर पडून बातम्या बघितल्याने पाण्याची पातळी वर येत नाही, फक्त तुमचे डोळे लाल होतात. बातमी दिवसा वाचा, बसमध्ये वाचा, पेपरात वाचा. रात्री चार्जर स्वयंपाकघरात. आणि सध्या घरात कोंडतं तर गच्चीवर झोपा की, आप्पा झोपायचेच ना घराच्या धाब्यावर.

एक गोष्ट मात्र मी हलक्यात घेणार नाही. झोप महिनोन्‌महिने उडालीये, जेवण कमी झालंय, ऑफिसमध्ये लक्ष लागत नाही असं तुम्ही लिहिलंय. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तरी डॉक्टरला दाखवावं, तुमचं तर खूप लांबलंय. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास चालतो, २०२२ मध्ये सुरू झाला, मराठीत बोलता येतं. फोनवर नको वाटलं तर जळगावला नोकरीला आहातच, सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, हाफ डे टाका. लोक काय म्हणतील याची भीती असेल तर बीपी दाखवायला गेलो म्हणून सांगा, काय बिघडतं. आणि कधी जगण्यातच अर्थ नाही असं मनात आलं तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच क्षणी कोणाला तरी उठवा, बायकोला, मित्राला, किंवा तो नंबर लावा. हे झाडांच्या आधी. इथे मी आधी-नंतर मानते.

आणि आप्पांची दीड ओळ वाढवा. मला लिहा असं नाही म्हणत. आईजवळ बसा एक संध्याकाळ आणि विचारा ते निंब कोणत्या साली लावले, पाणी कुठून आणायचे, तेव्हा विहिरीला पाणी किती हाताला होतं. आईलाही बोलायचं असेल हो, तिला कोणी विचारलं नसेल. रडू आलं तर येऊ द्या, पोरांसमोर आलं तरी चालेल. पुढे मग वाटलं तर गावातल्या दुसऱ्या एखाद्या निंबाच्या निंबोळ्या गोळा करा, आता पिकून पडायला लागतीलच. गर धुवून सावलीत सुकवायच्या आणि लगेच पेरायच्या, फार दिवस ठेवल्या तर फारशा उगवत नाहीत. पोरांना हे काम आवडतं, हात चिकट होतात म्हणून. स्वतःच्या बांधावर लावणार असाल तर शेजारच्या शेतकऱ्याला आधी विचारा, सावली कोणाच्या कपाशीवर पडते यावरून आपल्याकडे भाऊबंदकी कोर्टापर्यंत जाते आणि नातवापर्यंत चालते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं. यांच्यासारखीच पत्रं जळगाव, भुसावळ, धुळ्यातल्या फ्लॅटमधूनही येतात, विशेषतः बायांची, की आम्हाला ना शेत ना बरडी, आम्ही नुसतं बघून हळहळायचं का. तुमच्या बिल्डिंगच्या गेटसमोर एखादं तरी झाड असेल ज्याच्या बुंध्याशी पेव्हर ब्लॉक अगदी घट्ट बसवलेत, ते हातभर मोकळे करून घ्या, म्हणजे पाणी आत जाईल. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून त्याला घाला, कोण कोणत्या वारी घालणार ते चार घरात वाटून घ्या. सोसायटीच्या मीटिंगला विषय काढायचा असेल तर आत्ताच काढा, नंतर सगळे गणपतीच्या वर्गणीत अडकतात आणि मग थेट दिवाळीनंतरच भेटतात.